वहीचे पान आणि काळे पाणी



परभणी जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी झाली, की शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या उपटून कोणी चुलीसाठी घरी आणतो, कोणी बांधावर रचून ठेवतो, तर कोणी शेतातच पेटवून देतो. अशाच दिवसांत तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, कागद लाकडापासून होतो. पऱ्हाटी म्हणजेही लाकूडच. मग ती जाळण्याऐवजी तिचा कागद का करत नाहीत?"

"करता येतो," एवढेच उत्तर दिले असते तरी ते खरे ठरले असते. पऱ्हाटीचा लगदा होतो आणि त्याचा कागदही होतो. पण ते उत्तर अपुरे आहे. खरी अडचण कागद करण्यात नसून, कागद केल्यावर जे मागे उरते त्यात आहे. माझा विषय पदार्थविज्ञान. तरीही या रसायनशास्त्राच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी उष्णतेच्या एका साध्या हिशेबापाशी येऊन थांबते. तो हिशेब आज आपण मांडू.

एकाच झाडाचे दोन पदार्थ

कापसाचे बोंड आणि कापसाची पऱ्हाटी एकाच झाडाची असतात. पण दोन्हींत मोठा फरक आहे. सरकीवरचा कापूस वाळवून तपासला, तर त्यात ९० टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोज या पदार्थाचा असतो. हाच पदार्थ कागदाचा पाया आहे. म्हणूनच पूर्वी कागद सुती चिंध्यांपासून करत. आपल्या मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. हातकागदासाठीच ते ओळखले जाते. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यांचा लगदा पाण्यात कालवून चाळणीवर पातळ थर उचलायचा आणि वाळवायचा, ही ती जुनी रीत.

पऱ्हाटीत किंवा कोणत्याही लाकडात सेल्युलोज असते, पण ते मोकळे नसते. वाळलेल्या लाकडाचा साधारण ४० ते ४५ टक्के भाग सेल्युलोजचा असतो. पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज हे त्याचे भावंड असते. उरलेल्यात मोठा वाटा असतो लिग्निनचा : लाकडाच्या जातीप्रमाणे २० ते ३० टक्के. पऱ्हाटीतही लिग्निन पाव भागाच्या आसपास असते. लिग्निन हा तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारा, कठीण आणि तपकिरी पदार्थ. तो आहे म्हणून झाड वाऱ्यात ताठ उभे राहते. सुती चिंधीत तो जवळजवळ नसतो, म्हणून चिंधी मऊ.

१८३८ मध्ये फ्रान्समध्ये आन्सेल्म पायेन या रसायनशास्त्रज्ञाने लाकडावर नायट्रिक आम्ल आणि अल्कली यांची क्रिया केली. लाकडाचा काही भाग विरघळून गेला आणि मागे पांढरा तंतुमय पदार्थ उरला. त्यालाच त्याने पुढे सेल्युलोज हे नाव दिले. लाकडातला काही भाग विरघळवून कागदाचा भाग वेगळा काढता येतो, हे यातून दिसले. मात्र एका भांड्यातला प्रयोग आणि रोज शेकडो टनांचा कारखाना यांत बरेच अंतर असते.

चिक्कीचा धडा

समजा, तुमच्याजवळ शेंगदाण्याची चिक्की आहे आणि तुम्हांला त्यातले शेंगदाणे वेगळे करायचे आहेत. दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे चिक्की वरवंट्याने ठेचायची. शेंगदाणे सुटतील, पण त्यांतले बरेच फुटतील आणि गूळ त्यांना चिकटलेलाच राहील. दुसरा मार्ग म्हणजे चिक्की गरम पाण्यात टाकायची. गूळ विरघळेल आणि अख्खे शेंगदाणे तळाशी बसतील.

लाकडाचा लगदाही याच दोन रीतींनी करतात. लाकूड फिरत्या दगडावर किंवा चकत्यांमध्ये दळून केला, तर तो यांत्रिक लगदा. यात लाकडाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग लगद्यात येतो. पण तंतू तुटलेले आणि लिग्निन तसेच. असा कागद लवकर पिवळा पडतो. वर्तमानपत्राच्या कागदासाठी असा लगदा फार वापरला गेला आहे. दुसरी रीत म्हणजे लिग्निन विरघळवून तंतू मोकळे करणे. हा रासायनिक लगदा. यात १०० किलो वाळलेल्या लाकडातून ४५ ते ५० किलोच लगदा हाती येतो. पण तंतू अख्खे, लवचीक आणि मजबूत असतात.

लिग्निन काढण्याचा आणखी एक फायदा आहे. कागदात तंतूंना चिकटवायला मुख्यतः डिंक किंवा खळ लागत नाही. ओले तंतू सुकताना एकमेकांच्या इतके जवळ येतात, की त्यांच्यावरच्या हायड्रॉक्सिल गटांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. तेच कागदाला धरून ठेवतात. तंतूंवर लिग्निनचे पुट असेल, तर हे बंध नीट जुळत नाहीत. वहीचे पान ओले झाल्यावर सहज फाटते, कारण पाण्याचे रेणू मध्ये शिरून हे बंध सोडवतात.

आता चिक्कीकडे परत या. शेंगदाणे मिळाले, पण भांड्यात गुळाचे पाणी उरले. ते ओतून द्यायचे, की आटवून पुन्हा गूळ करायचा? हा प्रश्न लक्षात ठेवा. आपल्याला शेवटी तिथेच यायचे आहे.

ढलपी किती जाड असावी?

गूळ पाण्यात विरघळतो, लिग्निन विरघळत नाही. त्याचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. ते जाळे तोडण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साईड, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि सोडियम सल्फाईड यांचे द्रावण वापरतात. या दोघांमुळे जाळ्याचे दुवे तुटतात आणि तुटलेले तुकडे अल्कलीत विरघळतात. या पद्धतीला क्राफ्ट पद्धत म्हणतात. क्राफ्ट हा जर्मन शब्द. त्याचा अर्थ बळ. या लगद्याचा कागद बळकट असतो.

पण द्रावण लाकडाच्या आत पोहोचले पाहिजे. म्हणून ओंडके आधी सोलून यंत्राने त्यांच्या लहान ढलप्या करतात. कारखान्यात त्यांना चिप्स म्हणतात. त्या साधारण २ सेंटिमीटर लांब आणि काही मिलिमीटर जाड असतात. यात जाडीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. ढलपीच्या आत अल्कली विसरणाने शिरते, आणि विसरणाचा नियम असा, की जाडी दुप्पट झाली तर लागणारा वेळ चौपट होतो. ४ मिलिमीटरच्या आणि ८ मिलिमीटरच्या ढलप्या एकाच भांड्यात शिजवल्या, तर पातळ ढलपी पार शिजून जाईल आणि जाड ढलपीचा गाभा कच्चाच राहील. भात आणि राजमा एकत्र शिजवल्यासारखे ते होईल. म्हणून ढलप्या चाळून सारख्या जाडीच्या घेतात.

बारा हात लांब नव्हे, पण कुकरच

ढलप्या शिजवण्याच्या उंच पोलादी भांड्याला डायजेस्टर, म्हणजे पचवणारा, असे नाव आहे. खरे तर तो एक प्रचंड प्रेशर कुकर. घरच्या कुकरात दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट असतो आणि पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. डायजेस्टरमध्ये तापमान १७० अंशांच्या आसपास नेतात. त्यासाठी दाब वातावरणाच्या सुमारे आठपट लागतो.

एवढी उठाठेव कशासाठी? उघड्या कढईत १०० अंशांवर जास्त वेळ शिजवले तर चालणार नाही का? १९५७ मध्ये व्रूम नावाच्या संशोधकाने तापमान आणि वेळ यांचा मेळ घालणारी एक सोपी रीत मांडली. १०० अंशांवर लिग्निन निघण्याचा वेग १ धरला, तर तिच्याप्रमाणे इतर तापमानांना तो असा येतो :

१०० अंश : १
१२० अंश : ९
१५० अंश : १६५
१६० अंश : ४००
१७० अंश : ९२५

(आकडे जवळपासचे आहेत.) आता गुणाकार करा. १७० अंशांवर जे काम दीड तासात होते, त्याला १०० अंशांवर सुमारे १,३९० तास लागतील. म्हणजे जवळजवळ ५८ दिवस! तापमान दुपटीहूनही कमी वाढले आणि वेग नऊशे पटींच्या वर गेला. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर असा झपाट्याने वाढतो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे किती खरे आहे पाहा. १६० वरून १७० वर जाताना, म्हणजे केवळ १० अंशांत, वेग दुपटीच्या वर जातो. त्यामुळे तापमान काटेकोर सांभाळावे लागते.

मग २०० अंशांवर का नेत नाहीत? कारण अल्कलीला लिग्निन आणि सेल्युलोज यांत भेद करता येतो तो काही मर्यादेपर्यंतच. तापमान फार वाढले, की सेल्युलोजच्या लांब साखळ्याही तुटू लागतात आणि लगदा दुबळा होतो. थोडे लिग्निन लगद्यात राहू देऊनच शिजवणे थांबवतात. म्हणून हा लगदा तपकिरी दिसतो. त्याचाच खाकी कागद होतो. पांढऱ्या कागदासाठी उरलेले लिग्निन पुढे विरंजनाने काढतात.

शिजलेली ढलपी डायजेस्टरमध्ये ढलपीसारखीच दिसते. पण खालची झडप उघडली, की आतल्या दाबाने ती बाहेरच्या टाकीत फेकली जाते. दाब अचानक उतरल्याने आतले पाणी वाफ होऊन उसळते आणि ढलपी फुटून तिचे तंतू होतात.

महाराष्ट्रात हे सारे मोठ्या प्रमाणावर होते ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरला, वर्धा नदीच्या काठी. तिथल्या कागद कंपनीची स्थापना १९४५ ची. जवळच्या जंगलातला बांबू हा तिथला मुख्य कच्चा माल होता; पुढे निलगिरी, सुबाभूळ अशी लागवडीची लाकडेही आली. बांबूचे तंतू कापसाहून आखूड, पण निलगिरीसारख्या लाकडापेक्षा लांब असतात. म्हणून भारतीय कागद उद्योगाने बांबूला फार पूर्वीपासून जवळ केले.

काळ्या पाण्याचा हिशेब

लगदा धुतल्यावर जे पाणी निघते, ते चहाच्या कोऱ्या अर्कापेक्षाही काळे असते. कारखान्यात त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. आपण काळे पाणी म्हणू. लाकडाचा जो अर्ध्याहून अधिक भाग लगद्यात आला नाही, तो सारा यात असतो. शिवाय वापरलेला जवळजवळ सगळा सोडाही यातच असतो. एक टन लगद्यामागे या पाण्यात साधारण दीड टन घन पदार्थ विरघळलेले असतात. म्हणजे हा कारखाना कागदापेक्षा काळे पाणीच जास्त तयार करतो, असे म्हटले तरी चालेल.

हे पाणी नदीत सोडले तर काय होईल? त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. पाणी काळे पडल्याने प्रकाशही खोल जात नाही. वर सोडा वाया गेला तो वेगळाच. म्हणून ते आटवून जाळतात. त्यातले लिग्निन हे उत्तम इंधन आहे.

आता हिशेब मांडू. १०० किलो काळे पाणी घ्या. त्यात घन पदार्थ १५ किलो, पाणी ८५ किलो. हे भट्टीत पेटावे, यासाठी घन पदार्थांचे प्रमाण निदान ६५ टक्के करायला हवे. म्हणजे १०० किलोचे सुमारे २३ किलो उरले पाहिजेत आणि ७७ किलो पाण्याची वाफ झाली पाहिजे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे एकूण खर्च सुमारे १ लाख ७४ हजार किलोज्यूल.

आणि जमा किती? एक किलो घन पदार्थ जळाल्यावर सुमारे १४,००० किलोज्यूल मिळतात. १५ किलोंचे झाले २ लाख १० हजार. पण ही सारी उष्णता वाफेच्या रूपाने हाती येत नाही. उरलेले पाणी उडवण्यात, भट्टीतल्या रासायनिक क्रियेत आणि धुराड्यातून बरीच जाते. दोनतृतीयांश मिळाली असे धरा : १ लाख ४० हजार. खर्च जमेपेक्षा जास्त! साध्या कढईत आटवले, तर हा धंदा तोट्याचा आहे.

इथे पदार्थविज्ञान मदतीला येते. पाच-सहा बंद भांडी ओळीने ठेवतात. पहिल्या भांड्याला बॉयलरची वाफ देतात. त्यातल्या काळ्या पाण्याची जी वाफ होते, ती वाया न घालवता दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरतात. दुसऱ्यात दाब थोडा कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथले पाणी कमी तापमानाला उकळते. त्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. शेवटच्या भांड्यात तर पोकळी ठेवतात. एकच उष्णता अशी पुन्हा पुन्हा कामाला येते. पाच भांडी असतील, तर एक किलो ताज्या वाफेत सुमारे चार किलो पाणी उडते. मग आपला खर्च १ लाख ७४ हजारांऐवजी सुमारे ४४ हजारांवर येतो आणि जवळजवळ १ लाख किलोज्यूल शिल्लक राहतात. त्यावर डायजेस्टर तापतो, कागद वाळतो आणि वीजही तयार होते. उंच पर्वतावर भात शिजत नाही, तो ज्या नियमामुळे, त्याच नियमाने इथे तोट्याचा नफा केला.

सोडा घरी परत

भट्टीत लाकडाचा भाग जळून जातो, पण सोडियम जळत नाही. ते वितळलेल्या सोडियम कार्बोनेट आणि सोडियम सल्फाईड यांच्या रूपात तळातून वाहत बाहेर येते. हा रस पाण्यात विरघळवला, की हिरवट द्राव मिळतो. सोडियम सल्फाईड तर आपल्याला हवेच होते. उरले सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. त्यात विरलेला चुना घालतात :

सोडियम कार्बोनेट + कॅल्शियम हायड्रॉक्साईड → सोडियम हायड्रॉक्साईड + कॅल्शियम कार्बोनेट

कॉस्टिक सोडा परत मिळाला! खाली बसलेले कॅल्शियम कार्बोनेट भट्टीत भाजले, की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून पुन्हा वापरायचा. अशी दोन वर्तुळे एकमेकांत गुंतलेली असतात, एक सोडियमचे आणि एक कॅल्शियमचे. चांगल्या कारखान्यात ९५ टक्क्यांहून अधिक सोडा असा परत मिळतो.

क्राफ्ट पद्धतीचा जन्मही या परतीच्या वाटेवरच झाला. १८७९ मध्ये डान्झिग शहरात कार्ल डाल हा संशोधक वाया जाणाऱ्या सोड्याच्या जागी स्वस्त सोडियम सल्फेट वापरत होता. भट्टीत कोळशाच्या सान्निध्यात सल्फेटचे सल्फाईड झाले, ते द्रावणात उतरले आणि लगदा अधिक बळकट निघू लागला. पुढे १९३० नंतरच्या दशकात कॅनडात टॉमलिन्सन याने काळे पाणी जाळण्यासाठी सोयीचा बॉयलर उभा केला आणि ही पद्धत जगभर पसरली. तिचा एक दोष मात्र राहिला. सल्फाईडमुळे तयार होणाऱ्या गंधकयुक्त वायूंचा सडक्या कोबीसारखा वास असतो, आणि अत्यल्प प्रमाणातही तो नाकाला कळतो.

मग पऱ्हाटीचे काय?

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. काळे पाणी आटवण्याची भांडी, भट्टी, चुन्याचा विभाग हे सारे फार खर्चाचे आहे. ते मोठ्या कारखान्यालाच परवडते. लहान कारखाना नुसता डायजेस्टर लावून लगदा करू शकतो, पण मग काळे पाणी उरते. पेंढ्यापासून कागद करणाऱ्या अनेक लहान कारखान्यांची हीच अडचण झाली. पेंढ्यात सिलिकाही भरपूर असते. ती अल्कलीत विरघळून आटवण्याच्या नळ्यांत साठते आणि चुन्यातही मिसळते. बांबूतही ती लाकडापेक्षा जास्त असते. पऱ्हाटीचे तसे नाही. ती लाकडाच्या जातीची.

मग मोठा कारखाना काढू या! रोज १०० टन लगदा करायचा, तर रोज सुमारे २४० टन वाळलेली पऱ्हाटी लागेल. हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी मिळते असे धरले, तर रोज जवळजवळ १०० हेक्टरांची. वर्षाचे ३३० दिवस काम चालले, तर सुमारे ३२ हजार हेक्टरांची. पऱ्हाट्या मात्र निघतात वर्षातल्या दोन-तीन महिन्यांत, हजारो शेतांतून. त्या हलक्या आणि पसरट, म्हणून ट्रक भरतो पण वजन भरत नाही. वर्षभर रचून ठेवाव्या, तर पावसात कुजतात; शिवाय राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसराही मार्ग शोधला. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात १९२४ मध्ये प्रयोगशाळा म्हणून झाली. तिथे पऱ्हाटीचा भुगा करून त्यापासून दाबून बनवलेल्या फळ्यांचे तंत्र विकसित झाले. यात लिग्निन काढायचेच नसते. त्यामुळे काळे पाणी नाही, आणि लहान कारखानाही चालू शकतो. चिक्की विरघळवण्याऐवजी तिचा भुगा करून नवी वडी थापावी, तसेच हे.

तेव्हा एखादी वस्तू करता येते का, हा अर्धाच प्रश्न झाला. ती केल्यावर जे उरते त्याचे काय करायचे, हा उरलेला अर्धा. बांधावरच्या पऱ्हाट्यांसाठी त्याचे पुरते उत्तर अजून मिळायचे आहे. ते शोधण्याचे काम तुमच्यापैकी कोणीही करू शकेल.

करून पाहा

१. वर्तमानपत्राची एक पट्टी आणि वहीच्या पानाची एक पट्टी घ्या. दोन्हींवर मधोमध एकेक नाणे ठेवून त्या आठ दिवस उन्हात ठेवा. नंतर नाणे उचलून रंगातला फरक पाहा. कोणत्या कागदात लिग्निन जास्त असावे?

२. शिक्षकांच्या देखरेखीखाली चुन्याच्या निवळीत धुण्याच्या सोड्याचे थोडे द्रावण घाला. पांढरा साका कशाचा? वर कोणते द्रावण राहिले? (ते हाताला, डोळ्यांना लागू देऊ नका.)

३. लगदा धुताना जास्त पाणी वापरले आणि काळ्या पाण्यात १५ ऐवजी १० टक्केच घन पदार्थ आले, तर वरचा जमाखर्च पुन्हा मांडा. लगदा कमीत कमी पाण्यात धुण्याची कारखान्यांना एवढी काळजी का, ते तुमच्या लक्षात येईल.